गोजरआक्काची पेरणी

आठव्या माळेला दुपारी जोतीराम होटगीहून सायकल मारीत वळसंगला आला, पाय धुतले न धुतले तोच देवघरात शिरला, आणि देव्हाऱ्यातल्या टाकांमागे हात घालून त्याने जे पाकीट बाहेर काढले ते रिकामे होते. फाडलेले नव्हते. नीट उघडून, आतले काढून घेऊन, पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवलेले होते.

रिकाम्या पाकिटाचीसुद्धा घडी घालून ठेवायची सवय त्या घरात एकट्या गोजरआक्काला होती. भावंडांत ती थोरली. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात नवऱ्याशी पटले नाही म्हणून माहेरी आली, त्याला आता तीस वर्षे झाली होती. नवरा हयात होता आणि सुखात होता असे ऐकिवात होते. मधल्या भावाकडे, मानसिंगकडे, शेत होते, त्याची बायको सोनाबाई चूल सांभाळत होती आणि आक्काकडे देव होते. एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, हे त्यांचे न बोलता ठरलेले होते. धाकटा जोतीराम रेल्वेत केबिनमन, त्याच्याकडे काहीच नव्हते, म्हणून त्याने निवडुंग लावले होते, असे आक्का म्हणायची.

आक्का घटापुढे बसून तरवडाच्या फुलांची माळ ओवत होती.

"आक्का, ह्यात बी हुतं."

"व्हय की. पेरलं."

"कुटं?"

"नवरात्रात बी कुटं पेरत्यात?" आक्काने हनुवटीने घट दाखवला. "पैल्या माळंला तूच आणून देवीपुढं ठेवलंस. तोंडानं सांगितलं न्हाईस, पन बी देवीपुढं ठिवायचं ते काय नुसतं दाखवायला? मला वाटलं रेल्वेनं नवं संकरित काडलंया."

जोतीराम घटाकडे सरकला.

आक्काचे काही चुकले असे म्हणता येत नव्हते, हीच पंचाईत होती. तालुक्याला दर वर्षी कुठले ना कुठले सुधारित बियाणे वाटले जायचे आणि ते घरात आले की आक्का त्यातले चिमूटभर आधी घटात टाकून बघायची. देवीने उगवून दाखवले तर शेतात, नाहीतर कोंबड्यांना. कृषी खात्याच्या साहेबांना हे ठाऊक नव्हते, ते बरेच होते.

पण हे बी तालुक्याचे नव्हते. मेक्सिको नावाच्या देशातल्या एका म्हाताऱ्या शाळामास्तरांनी ते टपालाने पाठवले होते. कुणा प्रवाशाने गाडीत टाकून दिलेल्या इंग्रजी मासिकात जोतीरामला त्यांचा पत्ता मिळाला होता आणि स्टेशनमास्तरांकडून इंग्रजी दुरुस्त करून घेऊन त्याने चार वर्षांमागे पहिले पत्र धाडले होते. त्या शाळामास्तरांच्या गावच्या माळावर एक निवडुंग होता. चपटा, गोल, अंगावर पांढरे ठिपके आणि काटा एकही नाही. हौशी लोकांनी खोदून खोदून नेला, उरलेल्यावर नांगर फिरला. मास्तरांनी परसात जपलेल्या झाडांचे बी जगात तिघांना पाठवायचे ठरवले, आणि त्या तिघांतला एक होटगी जंक्शनचा निघाला. तुमच्याकडे ऊन भरपूर आहे एवढे मला नकाशावरून कळते, असे त्यांनी लिहिले होते.

पहिल्या पाकिटातले बी जोतीरामने बुडवले. ड्युटीवर जाताना पाणी, आल्यावर पाणी. बी कुजून त्याला वास मारायला लागला. दुसरे पाकीट आले तेव्हा त्याने हात आवरला, तर मुंग्यांनी एका दुपारी सगळे बी वाहून नेले. हे तिसरे पाकीट. त्याच्याबरोबर चार ओळींची चिठ्ठी होती, की परसातली झाडे यंदा गेली, हे पंचवीस दाणे शेवटचे, आणि बाकीच्या दोघांकडून काही कळलेले नाही. जोतीरामला ते पेरायचा धीरच होईना. चार महिने पाकीट ट्रंकेत पडून राहिले. शेवटी त्याची बायको मुक्ताबाई वैतागून म्हणाली, की नवरात्रात वळसंगला देवीपुढे ठेवा आणि दसऱ्याला पेरून मोकळे व्हा. जगले तर देवीचे, मेले तर देवीचे, माझ्यामागची कटकट तरी जाईल.

जोतीराम पालथा पडला. देवघराच्या जमिनीवर छाती टेकून, हनुवटी पत्रावळीच्या काठाला लावून त्याने रेल्वेची बॅटरी पेटवली आणि घटात बघायला लागला. काळ्या मातीतून ज्वारी, गहू, करडई वीतभर उंच पिवळेधमक आले होते. त्या गर्दीत त्याला आधी काहीच दिसेना. मग अखंड दिव्याच्या बाजूला, जिथे मातीला दिव्याची ऊब लागत होती तिथे, कोंबांच्या बुडाशी एक हिरवा मणी दिसला. मोहरीपेक्षा जरा मोठा. त्याच्या शेजारी दुसरा.

त्याने तीनदा मोजले. एकोणीस होते.

जोतीरामच्या डोळ्यांतून पाणी आले. दोन वर्षे त्याने वाळू चाळली होती, विटा कुटल्या होत्या, कोळसाही कुटला होता, सगळे प्रमाण वहीत लिहिले होते, आणि एक दाणा हलला नव्हता. आक्काने शेतातल्या चिकट काळ्या मातीत, ज्यात निवडुंग कधीही लावू नये असे मासिकात ठळक छापले होते, त्यात चिमटीने टाकले आणि पंचवीसातले एकोणीस उगवले.

"तुला दोन सालांत जमलं न्हाय," आक्का माळ ओवता ओवता म्हणाली, "ते अंबाबाईनं आठ दिसांत केलं. तिला वही लागत न्हाय."

तेवढ्यात शेजारचे सिद्रामप्पा देवीला नारळ द्यायला आले. उभ्या जन्मात ज्याने देवळाची पायरी धड चढली नाही तो जोतीराम घटापुढे पालथा पडून रडतो आहे, हे बघून ते दारातच थबकले. हात जोडून, नारळ उंबऱ्यावर ठेवून, आवाज न करता परत गेले. चहाच्या वेळेपर्यंत वळसंगात बातमी झाली होती, की पाटलांच्या धाकट्याला दृष्टान्त झाला. संध्याकाळपर्यंत सात बायका घट बघायला आल्या आणि त्यांतल्या दोघींनी जोतीरामच्या पाया पडायचा प्रयत्न केला.

खरी अडचण वेगळी होती आणि ती आधी मुक्ताबाईच्या लक्षात आली, जी पहिल्या माळेपासून नवरात्रासाठी वळसंगलाच राहिली होती. परवा दसरा. दसऱ्याला घट उठणार. त्या घरात घट उठवायचा म्हणजे कोंब मुळासकट उपटायचे, आधी देवीला, मग पुरुषांच्या पटक्यात, टोपीत खोवायचे, आणि उरलेली पत्रावळ मातीसकट मळ्यातल्या विहिरीत सोडायची. कोंब उपटले की त्यांच्या मुळांबरोबर ते मणी जाणार, आणि त्यातून वाचतील ते विहिरीत. मुक्ताबाईला निवडुंगाचे प्रेम नव्हते. होटगीच्या क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलेले एकही लुगडे गेल्या सहा वर्षांत धड निघाले नव्हते. पण नवरा पालथा पडून रडताना तिने आज पहिल्यांदाच बघितला होता, आणि तिला ते सहन झाले नव्हते.

ती सोनाबाईकडे गेली. जाऊबाई, घटातली एवढी माती आत्ताच काढून देता येईल का, म्हणाली. सोनाबाईने तवा खाली उतरवला आणि म्हणाली, की ह्यांना विचारावे लागेल.

ह्यांना, म्हणजे मानसिंगला, विचारणे सोपे नव्हते. वैशाखापासून मानसिंग धाकट्या भावाशी बोलत नव्हता. मानसिंगच्या शालनचे लग्न टेंभुर्णीच्या चांगल्या घरी झाले. मांडवात आहेर पुकारत होते, भांडी, लुगडी, पितळी समई, आणि मग पुकारणाऱ्याने अडखळत सांगितले, की मुलीच्या चुलत्याकडून कुंडी एक, निवडुंगाची. मांडव गार पडला. काटेरी झाड घरात गेले की घरात भांडणे लागतात, हे विहिणीने मोठ्याने सांगितले. जोतीराम तिला समजावायला गेला, की हा फार दुर्मीळ आहे, बाई. तेव्हापासून दोघे भाऊ एका ओसरीवर बसले तरी बायकांच्या मार्फत बोलायचे.

त्यामुळे त्या संध्याकाळी ओसरीवर जी बैठक बसली ती लांबली. मानसिंग खांबाला टेकून, जोतीराम जोत्यावर, दोघांच्या मधे दोन जावा आणि उंबऱ्यात आक्का.

जोतीरामने मुक्ताबाईला सांगितले, की मानसिंगआण्णांना सांग, फक्त दिव्याकडची चार बोटे माती. मुक्ताबाईने ते सोनाबाईला सांगितले. मानसिंगने सोनाबाईला सांगितले, की त्याला सांग, देव घटी बसल्यावर घट हलवीत नाहीत, हे रेल्वेत शिकवत नसतील. हे सगळे चौघांनाही मुळातच स्पष्ट ऐकू येत होते, तरी सोनाबाईने ते मान वळवून मुक्ताबाईला सांगितले. मुक्ताबाई नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "आईकलंसा का?"

मानसिंगचे म्हणणे वावगे नव्हते. घटात जे धान्य जोमाने येते ते त्या वर्षी पिकते, हा त्याचा विश्वास होता, आणि बाहेर मालदांडी ज्वारी नुकती पेरून झाली होती. असा घट मधेच उकरायचा, तेही निवडुंगासाठी, हे त्याला पटेना. आपल्या बांधावर काय कमी निवडुंग आहे, मेक्सिकोचा कशाला वाचवायचा, असेही त्याने सोनाबाईमार्फत विचारले. आक्का इतका वेळ जोतीरामच्या बाजूला होती, कारण पेरणी तिची होती. पण घट उकरायचे नाव निघाल्याबरोबर तीही फिरली.

"माझ्या हातानं आलं त्ये खरं," ती म्हणाली. "पन घटाला हात लागायचा न्हाय. दसऱ्याला बगू."

दसऱ्याला विहीर होती. तेव्हा मुक्ताबाईने पदर खोचला, आणि थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडणारी ती भिंतीकडे बघून बोलायला लागली. मास्तरांची ती चार ओळींची चिठ्ठी तिला पाठ झाली होती, कारण गेले चार महिने ती जेवताना ऐकत होती. परसातली झाडे गेली, हे शेवटचे, बाकीच्या दोघांकडून काही नाही. एवढे सांगून ती थांबली आणि मग तिने स्वतःचे घातले.

"आनि काटा न्हाई त्याला. आपल्या बांधावरच्या निवडुंगाला काटं हायती, म्हनून त्यो हाय. ह्याला काटा असता तर लोकांनी खोदून नेला असता व्हय?"

मग सोनाबाई, कुणीही विचारलेले नसताना, म्हणाली, की शालनचा निरोप आला होता. श्रावणातच आला होता. कुंडी विहिणीने दुधाच्या खिडकीत ठेवली आहे आणि तेव्हापासून मांजर घरात येत नाही. विहीणबाईंना आणखी एक हवी आहे, मागच्या खिडकीसाठी.

मानसिंगने तिच्याकडे बघितले. श्रावणापासून तू हे पोटात ठेवलेस, असे तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर तेच होते. सोनाबाईने सांगितले, की तुम्ही बोलत नव्हता तेवढे दिवस भाऊजी आले की निवडुंगाचे पुराण न लावता बाजेवर नुसते गप्प बसत होते आणि घरात शांतता होती. मानसिंग उठला, पायात वहाणा घातल्या आणि शेताकडे निघून गेला. घट मळ्याच्या विहिरीला जायचा तो जाणारच, एवढे जाता जाता म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी आक्काने आपला निकाल दिला. कोंब यंदा उपटायचे नाहीत, खुडायचे. घटाला लोखंड लावायचे नसते, तेव्हा विळी नाही, कात्री नाही, नखाने. आणि नेहमीप्रमाणे घट मानसिंगने एकट्याने विहिरीला न्यायचा, वाटेत बोलायचे नाही, मागे बघायचे नाही. पुढचे तो आणि देवी बघून घेतील. ह्यात वाटाघाटी नाहीत, हे सांगायला तिने हातातली घंटा वाजवली.

दोन जावा घटाच्या दोन बाजूंना बसल्या आणि एकेक कोंब बुडापाशी नखात धरून खुडायला लागल्या. जोतीराम बॅटरी धरून उभा होता आणि दर दुसऱ्या कोंबाला 'सावकाश' म्हणत होता, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. तासाभराने मातीत पिवळे खुंट राहिले आणि त्यांच्या मधे, दिव्याच्या बाजूला, ते एकोणीस मणी उघडे पडले. सोनाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्यासाठी एवढे, असे तिच्या तोंडात आले होते, पण ती म्हणाली, "अगं बाई, पोरं दिसत्यात गं," आणि मुक्ताबाईला हसू फुटले.

मानसिंगने पटक्यात कोंब खोवले, पत्रावळ दोन्ही हातांवर घेतली आणि तो निघाला. जोतीराम वेशीपर्यंत जाऊन थांबला. पुढे जायची रीत नव्हती.

विहिरीच्या पायऱ्या उतरून मानसिंग पाण्याजवळच्या धोंड्यावर बसला. पत्रावळ मांडीवर होती. त्याने मनाशी ठरवले होते, की बघायचे नाही, सोडून द्यायचे आणि वर यायचे. पण पायऱ्या उतरताना खाली बघावेच लागते, आणि खाली बघितले की पत्रावळ दिसत होती.

पाच वर्षांमागच्या दुष्काळात ह्याच धोंड्यावर तो बसला होता आणि खाली पाणी नव्हते, चिखलही नव्हता. त्या साली घरात दळायला काही उरले नाही, तेव्हा सोनाबाईने बियाण्याच्या मडक्याला हात घातला होता. पायलीभर मालदांडी होती त्यात. आक्काने ते मडके उचलून देवघरात नेले आणि दार लावून त्याच्यापाशी अंथरूण टाकले. मानसिंग स्वतः दाराशी गेला होता. पोरे उपाशी आहेत, दार उघड, असे म्हणाला होता, आणि आणखीही बरेच म्हणाला होता, जे थोरल्या बहिणीला कुणी म्हणू नये. आतून आक्का एवढेच बोलली, की आपण ह्या साली उपाशी राहू, पण हे खाल्ले तर दर साली राहू. तिने दार उघडले नाही. आज शेतात जे पेरून झाले होते ते त्याच मडक्यातल्या बियाण्यापासून चालत आलेले होते.

त्याला लाज वाटली. आक्काला तेव्हा बोललेल्याची वाटली, आणि वैशाखापासून एका कुंडीवरून धरून ठेवलेल्याचीही वाटली. तिकडे लांब कुठेतरी एक म्हातारा मडक्यापाशी अंथरूण टाकून बसला होता आणि त्याने आपल्याजवळचे शेवटचे काढून जोत्याला दिले होते. सगळ्या जगात जोत्याला, ज्याला कोथिंबीर लावता येत नाही. मानसिंगला त्या म्हाताऱ्याची फार काळजी वाटली.

त्याने घटाच्या मागच्या बाजूची माती दोन मुठी घेतली, देवीचे नाव घेतले आणि पाण्यात सोडली. पटका सोडून त्याची झोळी केली. मग तो बोटाने दिव्याकडची माती सैल करायला लागला.

घरी जोतीराम ओसरीवर येरझाऱ्या घालून दमला होता. दोन तास झाले होते. मुक्ताबाईने पुरण शिजवून वाटून ठेवले, आक्का दोनदा दारापर्यंत जाऊन आली आणि दोन्ही वेळा आपण गाय बघायला गेलो होतो असे म्हणाली. मानसिंग आला तेव्हा त्याचे डोके उघडे होते, हे सगळ्यांनी एकदम बघितले. पटका त्याने दोन्ही हातांत धरला होता. तो त्याने ओसरीवर सोनाबाईपुढे ठेवला आणि पाय धुवायला गेला.

पटक्यात काळ्या मातीची ढेकळे होती, प्रत्येक ढेकळात एकेक मणी, आणि त्यांच्या मधे ज्वारीचे कोंब अशा बेताने घातलेले की एकही ढेकूळ दुसऱ्याला लागू नये. जोतीराम गुडघ्यावर बसला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा मोजले.

"अठरा," तो म्हणाला. मग मुक्ताबाईकडे वळला. "आण्णास्नी इचार, एक कमी हाय. वाटंत पडलं का काय?"

मुक्ताबाईने सोनाबाईकडे बघितले. सोनाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात मानसिंग पाय पुसत पुसत त्या दोघींच्या मधून पुढे आला आणि भावासमोर उभा राहिला.

"पडलं न्हाय. मी ठेवलंय. विहिरीच्या कडंला, धोंड्याच्या आडोशाला."

जोतीराम वर बघत राहिला. वैशाखानंतर भाऊ पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होता. "का पन?" एवढेच तो म्हणाला.

"तू पानी लई घालतूस, जोत्या," मानसिंग म्हणाला. "ही अठरा बुडवलीस, तर एक तरी ऱ्हायला पायजे की."